टोपलीतला माल आणि खिशातला कॅमेरा

मामेबहिणीचा मेसेज रात्री साडेअकराला आला. ‘दादा, सत्तर हजार जमलेत. खिशात मावणारा घेऊ की मिररलेस? उद्यापर्यंत सांग, सेल संपतोय.’ खाली यूट्यूबच्या चार लिंका. ती दापोलीत एका नर्सरीत कामाला आहे. दिवसभर आंबा-काजूच्या कलमांत असते, आणि संध्याकाळी स्कूटी काढून मुरूडला नाहीतर हर्णैला जाते. फोनवर फोटो काढून काढून आता तिला फोन पुरेनासा झालाय. घरात कॅमेऱ्यातलं मला एकट्यालाच कळतं असा सगळ्यांचा समज आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे.

मी चारही व्हिडिओ पाहिले. चारही जवळपास सारखेच. एक विटांची भिंत, एक मांजर, एक मैत्रीण कॅफेत बसलेली. मग फोटोचा कोपरा चारशे टक्के मोठा करून ‘इथे बघा, इथे शार्पनेस पडतो.’ मग वजन, बॅटरी, किंमत. शेवटी ठरलेलं वाक्य, की रस्त्यावरचे फोटो काढायचे असतील तर छोटा घ्या, कारण ‘लोकांना कळत नाही’.

त्या शेवटच्या वाक्यावर मी अडकलो. लोकांना कळत नाही, हा गुण म्हणून सांगितला जातोय. मीही तो गुण म्हणूनच विकत घेतला होता. त्याबद्दल पुढे सांगतो, आधी तांत्रिक भाग उरकून घेऊ.

मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला. जुन्या एसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर आपटून वर डोळ्याकडे जायचा, बटण दाबलं की आरसा ‘खटाक्’ करून उचलला जायचा. तो आरसा काढून टाकला की कॅमेरा लहान होतो, आणि डोळ्याला दिसतो तो सेन्सरनंच टिपलेला, पडद्यावरचा देखावा. पॅनासॉनिकचा जी-वन २००८ साली आला, सोनीचा पूर्ण आकाराच्या सेन्सरचा ए-सेव्हन २०१३ साली. लेन्स बदलता येतात, हा मिररलेसचा खरा फायदा. खिशातल्या कॅमेऱ्याला एकच लेन्स असतो, तो जन्माला चिकटलेला.

पूर्वी छोटा कॅमेरा म्हणजे छोटा सेन्सर, म्हणजे संध्याकाळ झाली की फोटोत रवा सांडलेला. ते आता तितकंसं खरं नाही. २०१२ साली आलेल्या सोनीच्या आरएक्स-हंड्रेडमध्ये ‘एक इंची’ म्हणतात तो सेन्सर होता, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. २०१९ च्या रिको जीआर-थ्रीमध्ये मात्र एपीएस-सी सेन्सर आहे. म्हणजे बहुतेक परवडणाऱ्या मिररलेसमध्ये असतो त्याच मापाचा, तोही अडीचशे ग्रॅमच्या डबीत. मग फोटोच्या दर्जाचं भांडण उरतं किती? फार थोडं. फोननं साधे कॉम्पॅक्ट कॅमेरे कधीच गिळले. २०१० साली जगभरात दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ साली वीस लाखसुद्धा नाहीत. जे वाचले ते असे चिवट, महाग आणि हट्टी. त्यातले काही आता तरुण पोरंपोरी जुन्या बाजारातून शोधून घेतात, कारण त्यांना फोनसारखा न दिसणारा फोटो हवाय. हे मला आवडतं.

तेव्हा बहिणीचा प्रश्न दर्जाचा नव्हताच. कुठे उभं राहायचं, याचा होता.

हे कळायला दापोलीचे फोटो बघावे लागतात. इन्स्टाग्रामवर ‘दापोली’ टाका. पहिल्या पन्नासांत काय दिसतं? लाडघरच्या लाटा, कड्यावरच्या गणपतीवरून अंजर्ल्याची खाडी, ड्रोनवरून सुवर्णदुर्ग, पोफळीच्या बागेतून पडणारे उजेडाचे कवडसे, कौलारू घर आणि पुढे तुळशीवृंदावन. माणसं जवळपास नाहीत. असलीच तर पाठमोरी, पर्यटकांची, हात पसरलेली. दापोली तालुक्यात माणसं राहतात, कर्ज काढतात, मुंबईच्या भावाशी सातबाऱ्यावरून भांडतात, याचा त्या फोटोंत मागमूस नसतो. सुवर्णदुर्ग १७५५ साली कमोडोर जेम्सनं समुद्रातून तोफा डागून घेतला. आज त्याच्यावर ड्रोन येतात, ते घेतात फक्त हिरवा-निळा रंग. कोकणच्या फोटोची ही एक रीत होऊन बसलीय, आणि ती रीत पाडण्यात लेन्सचा हात आहे. खूप रुंद लेन्स निसर्गाला आणि खूप लांबचा लेन्स माणसांना. रुंद लेन्समध्ये माणूस मुंगीएवढा होतो. लांबच्या लेन्समध्ये तो जवळ दिसतो खरा, पण फोटो काढणारा त्याच्याजवळ गेलेला नसतो.

हर्णै बंदरावर हे दोन्ही एका संध्याकाळी बघायला मिळतं.

तिथं न गेलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. होड्या पाण्यातच थांबतात. माल किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या थेट समुद्रात जातात, बैलांच्या पोटाला पाणी लागतं. वाळूवर ढीग लागतात: पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूल. लिलाव तोंडी, ओरडून, भराभर. घेणाऱ्यांत बायका पुष्कळ. बर्फ फोडल्याचा आवाज, टेम्पोचे हॉर्न, कावळे, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत हे सगळं थांबतं. एरवी दुपार उतरली की फोटोग्राफरही येतात, शनिवार-रविवारी तर रांगच लागते.

ते दोन प्रकारचे असतात. एक मिररलेसवाले, सत्तर-दोनशेचा लेन्स लावलेले. कॅमेरा आणि लेन्स मिळून दोन किलोच्या आसपास. ते कडेला, कोरड्या वाळूत उभे राहतात. त्यांच्या फोटोत लाल-हिरव्या साड्या, रुपेरी मासे, मागे सोनेरी पाणी, सगळं एकमेकांवर दाबून बसवलेलं. लांबच्या लेन्सनं मागचं पुढं ओढल्यासारखं दिसतं, त्यामुळे दहा फुटांवरच्या दोन बाया खांद्याला खांदा लावून उभ्या वाटतात. त्या एकमेकींच्या विरुद्ध बोली लावताहेत हे फोटोत येत नाही. मला हे फोटो कॅलेंडरसारखे वाटतात. पण एक गोष्ट मी बरीच उशिरा पाहिली. त्या लोकांना बायका बघत असतात. कॅमेरा मोठा आहे, काळा आहे, तोंडासमोर धरलेला आहे. कुणी पदर ओढते, कुणी पाठ फिरवते, एखादी ओरडते, ‘ए, पैसे दे फोटोचे!’ आणि हसते. नकार द्यायला जागा असते.

दुसऱ्या प्रकारात मी होतो.

२०२१ मध्ये मी एक वापरलेला जीआर घेतला. अठ्ठावीस मिलिमीटरचा लेन्स म्हणजे हात लांबवला तर समोरच्याला लागेल इतकं जवळ जावं लागतं. झूम नाही. डोळ्याला लावायची खिडकीही नाही, पोटाजवळ धरून बटण दाबायचं. त्यात एक सोय आहे, फोकस आधीच ठरावीक अंतरावर, समजा दीड मीटरवर, बसवून ठेवता येतो. मग कॅमेरा शोधत बसत नाही, बोट दाबलं की फोटो. शटरचा आवाज बोटाच्या पेराएवढा. जपानी फोटोग्राफर दायदो मोरियामा याच घराण्यातले खिशातले कॅमेरे घेऊन टोकियोच्या शिंजुकू भागात हिंडले, त्यांचे दाणेदार, तिरके, धसमुसळे फोटो बघून मी वेडा झालो होतो. हर्णैच्या लिलावात असे फोटो काढायचे असं मनाशी घेतलं. कोरड्या वाळूत उभं राहणाऱ्यांचा मला राग यायचा. मला वाटायचं, मी गर्दीत आहे, माझ्या पायाला मासळीचं पाणी लागतंय, म्हणजे मी प्रामाणिक.

त्या डिसेंबरात एक फोटो मिळाला. ‘मिळाला’ हाच शब्द आम्ही वापरतो, रस्त्यात नाणं सापडावं तसा. एक मावशी, साठीच्या पुढची, लिलावातून बाहेर पडत होती. डोक्यावर टोपली घेण्यासाठी वाकलेली, टोपलीत दोन मोठ्या सुरमया, शेपट्या बाहेर. चेहऱ्यावर एक विलक्षण भाव होता, डोळे बाजूला कुणाकडे तरी गेलेले, ओठ दाबलेले. मागे बैलाचं शिंग आणि अर्धा किल्ला. मी पोटाजवळून काढला. तिला कळलं नाही.

फोटो चांगला होता. आजही मी तेच म्हणेन. एका अंकात तो पानभर छापून आला. खाली मी अभिमानानं ओळ दिली होती: हर्णै, आणि तारीख.

पुढच्या वर्षी मी परत गेलो तेव्हा मला तिनंच हाक मारली. कुणीतरी तिला मी दाखवला होता. ‘तूच ना तो फोटोवाला? तुझ्या फोटोनं माझी उचल घालवली.’

झालं होतं ते असं. तिनं एका व्यापाऱ्याकडून हंगामाच्या सुरुवातीला उचल घेतली होती. त्या बदल्यात मोठा माल आधी त्याला दाखवायचा, असा बोलीचा व्यवहार. त्या दिवशी तिनं त्याला सांगितलं होतं की सुरमई मिळालीच नाही. सुरमया तिनं दापोलीतल्या एका खाणावळीला परस्पर दिल्या, किलोमागे बरे पैसे सुटले म्हणून. फोटोतला तो विलक्षण भाव, ज्याच्यावर मी मित्रांसमोर दहा मिनिटं बोललो होतो, ‘कष्टाची मूक वेदना’ वगैरे, तो भाव म्हणजे आपल्याला कुणी बघत तर नाही ना, याची खातरजमा होती. ते छापील पान व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत व्यापाऱ्याच्या पुतण्याकडे गेलं. टोपली, सुरमया, तारीख, सगळं होतं. पुढच्या हंगामाला उचल मिळाली नाही.

मी काय बोलणार? पैसे देऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, ‘पैसे कशाला? सुरमई घे.’ मी दोन हजारांची सुरमई घेतली, भाव केला नाही. घरी आईनं विचारलं, एवढी कोण खाणार?

माझी हानी झाली ती वेगळीच. माझा सिद्धांत गेला. छोटा कॅमेरा नम्र, मोठा कॅमेरा उद्धट, ही मांडणी तुम्हाला फोटोग्राफीवरच्या निम्म्या लेखनात सापडेल. कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाच्या चकचकीत भागांना काळी पट्टी चिकटवायचा, ही गोष्ट शिष्यांना बोधकथेसारखी सांगितली जाते. कॅमेरा लपला की जग खरं वागतं, असं त्यामागचं गृहीतक. हर्णैच्या मावशीपुरतं बोलायचं तर ती खरी वागत होती हे खरंच. पण ते खरं तिचं होतं, आणि ते मी छापलं.

याच प्रश्नाशी वॉकर इव्हान्स झुंजला होता, आणि माझ्यापेक्षा जास्त शहाणपणानं. या अमेरिकन फोटोग्राफरनं १९३८ ते १९४१ या काळात न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या प्रवाशांचे फोटो काढले. कॉन्टॅक्स कॅमेरा कोटाखाली, लेन्स बटणांच्या फटीतून, शटरची तार बाहीतून हातात. चेहरे जबरदस्त आहेत: थकलेले, रिकामे, कुणासाठीही न सजवलेले. पण पुस्तक निघालं १९६६ साली. पंचवीस वर्षं थांबून. एवढ्या काळात चेहरे बदलतात, त्या चेहऱ्यावरून कुणाची नोकरी जाण्याचा, कुणाचं लग्न मोडण्याचा धोका विरतो. मी पंचवीस दिवसही थांबलो नव्हतो. इन्स्टाग्रामच्या जमान्यात कोण थांबतं म्हणा. शिवाय इव्हान्सनं लपवाछपवी केली हे तो लपवत नाही. आपण ‘कॅन्डिड’ असा गोड शब्द वापरतो.

आपल्याकडचं उदाहरण बघा. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले, वर्षानुवर्षं त्यांच्यात जाऊन. मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस आणि त्याच्या डोक्यावर उभा कॅमेरा. इथे लपण्याची शक्यताच नव्हती, आणि फोटो बघताना जाणवतं की त्याची गरजही नव्हती. ते लोक कॅमेऱ्यात बघतात तेव्हा ‘बघ, हे असं आहे’ असं म्हणत असतात. असा फोटो कोणत्याही मापाच्या कॅमेऱ्यानं निघेल. फक्त तो पहिल्या दिवशी निघत नाही. संदेश भंडारे यांचं तमाशावरचं काम बघतानाही हेच वाटतं. फडाबरोबर राहिल्याशिवाय राहुटीच्या मागचं ते जग दिसलंच नसतं.

म्हणून मिररलेसवाल्यांना मी पास देतोय असं समजू नका. दोन किलोचा लेन्स घेऊन कोरड्या वाळूत उभा असलेला माणूस दिसतो, हे खरं. पण तो विचारत नाही, आणि तोही लांबून चेहरा उचलतोच. त्यात मिररलेसमध्ये शटर पूर्ण बिनआवाजाचं करता येतं, म्हणजे मोठा असूनही तो चोरपावलांनी वागू शकतो. (त्याची गंमत अशी की बंदरावरचे दिवे लागले की त्या बिनआवाजी शटरमध्ये काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर काळे आडवे पट्टे येतात. चोरी पकडली जाते.)

हे सगळं बहिणीला रात्री बाराला लिहून पाठवणं शक्य नव्हतं. मी लिहिलं, ‘सेल जाऊ दे. रविवारी येतोय.’

रविवारी आधी आसूदला गेलो. केशवराजला जाताना पूल ओलांडून पोफळींतून चढायचं, भर दुपारी तिथं संध्याकाळ असते. तिच्या फोननं सावलीची माती करून टाकली, सगळं सारखंच उजळ. माझ्या जीआरनं बरं काढलं. ऑफिसमधून एक मिररलेस उसना आणला होता, त्यातही जवळपास तसंच आलं. तिनं दोन्ही फोटो फोनवर बघितले आणि म्हणाली, ‘मला फरक दिसत नाही.’ मी म्हटलं, व्हिडिओवाल्याला सांग.

फरक दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि तो कोकणात राहणाऱ्याला टाळता येत नाही. पाऊस. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही चार महिन्यांत. जीआरला पाण्यापासून काहीही संरक्षण नाही. लेन्स आत-बाहेर सरकतो आणि त्याच्याबरोबर धूळ, खारी हवा आत ओढली जाते. माझ्या सेन्सरवर एक ठिपका आहे, प्रत्येक फोटोत आकाशात तोच पक्षी. मिररलेसचा सेन्सर निदान उघडून साफ करता येतो. आणि दोघांचाही खरा शत्रू बुरशी. जुलैत कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उगवतात. दापोलीतले जुने फोटोग्राफर कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवत, ते वेडे नव्हते. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि महत्त्वाचं म्हणजे कॅमेरा वापरात ठेवणं. वापरलेला लेन्स घेताना फोनची टॉर्च मागून मारून बघायची, तंतू दिसले तर कितीही स्वस्त असला तरी परत द्यायचा.

आणि एक ठिकाण आहे जिथं माझा सगळा जवळ जाण्याचा आग्रह चुकीचा ठरतो. अंजर्ल्याच्या किनाऱ्यावर, आणि पलीकडे मंडणगड तालुक्यात वेळासला, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. तिथं दोरीच्या बाहेर थांबायचं, फ्लॅश मारायचा नाही. अठ्ठावीसच्या लेन्सनं पिल्लू काढलं तर फोटोत वाळू येते आणि एक शंका. तिथं लांबचाच लेन्स हवा. कासवाच्या पिल्लापासून लांब राहणं ही सभ्यता आहे, मावशीपासून लांब राहणं ही बहुतेक वेळा पळवाट असते. कुठं कुठली, हे कॅमेऱ्याच्या खोक्यावर छापलेलं नसतं.

मग हर्णै. मावशी होती. बहिणीला मी काही शिकवलं नाही, फक्त उसना मिररलेस तिच्या गळ्यात अडकवला. मी खिशातला खिशातच ठेवला. ती सरळ जाऊन म्हणाली, ‘मावशी, फोटो काढू?’ मावशीनं माझ्याकडे एक कटाक्ष टाकला, मग तिच्याकडे. ‘थांब,’ म्हणाली. बाजूला पडलेली ओली गोणी उचलली, टोपलीवर टाकली, नीट चारी बाजूंनी खोचली. पदर सारखा केला. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, ‘काढ आता.’

बहिणीनं नंतर एक जुना मिररलेस घेतला, सोबत एकच छोटा प्राइम लेन्स, डोळ्याला साधारण जसं दिसतं तसं दाखवणारा. जाकिटाच्या खिशात कसाबसा मावतो, पण गळ्यात असला की दिसतो. सत्तरातले अकरा हजार उरले, त्यांतून हवाबंद डबा आणि स्कूटीची सर्व्हिसिंग झाली.

तिचा तो फोटो मी पुष्कळदा बघतो. फोटो म्हणून माझा सरस होता, हे मला तिला सांगावं लागलं, कारण तिनं विचारलं. तिच्या फोटोत मावशी जरा ताठ आहे, किल्ला मधोमध आलाय, बैल नाही. ती म्हणाली, ‘तुझ्यात सुरमई दिसते.’ माझ्यात दिसते. तिच्यात गोणी आहे, आणि गोणीखाली काय आहे ते मावशीनं आम्हा दोघांनाही सांगितलं नाही.